अंगकोरसाठी एकच दिवस आहे, दगदग न करता काय बघावं आणि काय सोडावं?

निवांत_प्रवासी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंबोडियात सिएम रीपला मुक्काम आहे आणि त्यातला एक अख्खा दिवस अंगकोरसाठी मोकळा ठेवला आहे. बरोबर आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी. आई सपाटीवर तास-दीड तास आरामात चालते, पण गुडघ्यांमुळे उभे जिने नकोत. नेटवर जे आराखडे मिळतात ते सगळे पहाटे साडेचारला हॉटेल सोडून संध्याकाळपर्यंत सात-आठ देवळं उरकणारे. तसं करायचं नाहीये. कमी बघू, पण नीट बघू.

कोणती देवळं घ्यावीत, आणि कुठल्या क्रमाने? सूर्योदय खरंच गरजेचा आहे का? आणि बाबांना रामायण-महाभारताची शिल्पं सावकाश बघायची आहेत, ती नेमकी कुठल्या भिंतीवर आहेत? व्हिसा आणि विमानाचं झालेलं आहे, त्यामुळे फक्त त्या एका दिवसाबद्दल सांगा.

लेणीवेडा

एका दिवसात तीनच जागा घ्या: ता प्रोम, बायोन आणि अंगकोर वाट. त्यातही निम्मा वेळ एकट्या अंगकोर वाटला द्या. बान्तेय स्रेय (इ.स. ९६७, गुलाबी वालुकाश्म) कोरीवकामात सगळ्यांत नाजूक आहे हे खरं, पण ते शहरापासून सदतीस-एक किलोमीटरवर आहे. जाण्या-येण्यात अडीच तास जातात. एका दिवसाच्या बेतात ते बसत नाही, सरळ सोडा.

क्रम असा ठेवा:

सकाळी ७ ला हॉटेलवरून निघा. ता प्रोम साडेसातला उघडतं, तेव्हा दारात असाल असं बघा. नऊनंतर मोठ्या बसगाड्या येतात आणि भिंतींना विळखा घातलेल्या झाडांच्या मुळांपाशी फोटोसाठी रांगा लागतात. पहिल्या तासात तिथे खरंच शांतता असते. आत बऱ्याच ठिकाणी लाकडी पायवाट आहे, पण मधेमधे उंबरे उंच आहेत आणि दगड वरखाली झालेले आहेत, म्हणून आईंना हात द्यावा लागेल. सव्वा तास पुरे.

एक गोष्ट आदल्या दिवशीच टुकटुकवाल्याशी पक्की करा: पश्चिम दरवाज्याने आत जायचं आणि पूर्व दरवाज्याने बाहेर पडायचं, गाडी पूर्वेला येऊन थांबेल. नाहीतर त्याच वाटेने परत चालावं लागतं, आणि हे न सांगितल्यामुळे गाडी एका दाराशी आणि माणसं दुसऱ्या दाराशी असा घोळ रोज होतो. गाडीचा नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तळावर सगळ्या टुकटुक सारख्याच दिसतात.

ता प्रोमहून बायोनकडे जाताना रस्ता अंगकोर थोम या जुन्या तटबंदीच्या शहराच्या विजयद्वारातून जातो आणि हत्तींच्या चौथऱ्यासमोर येऊन मिळतो. तो तीनशेहून अधिक मीटर लांबीचा चौथरा गाडीतूनही चांगला दिसतो. बायोनला फक्त खालची, बाहेरची शिल्पांची ओवरी बघा. पूर्वेची भिंत सकाळच्या उन्हात असते आणि त्या ओवरीवर आता छप्पर नाही, त्यामुळे कोरीवकाम छान उठून दिसतं. वरच्या मजल्यावरचे प्रचंड चेहरे खालूनही दिसतात, त्यासाठी आईंनी जिने चढायची गरज नाही. शहराकडे परतताना दक्षिणद्वाराशी दहा मिनिटं थांबा. पुलाच्या एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नाग धरून उभे आहेत. त्यातली बरीच डोकी नंतर बसवलेल्या प्रतिकृती आहेत, दगडाचा रंग पाहिला की ओळखू येतात.

साडेअकराच्या आत हॉटेलवर. जेवण, झोप. हा भाग कापू नका, सगळा दिवस यावरच तगतो.

अडीचला पुन्हा बाहेर आणि तीन ते सव्वापाच अंगकोर वाट. ते पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दर्शनी बाजू उजळते ती दुपारीच. बंद होतं साडेपाचला.

शिल्पखुणा

लेणीवेडा यांचा क्रम उत्तम आहे. मी फक्त बाबांच्या प्रश्नाचं सविस्तर लिहिते.

अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलं, मूळचं विष्णूचं. खंदक ओलांडून लांब फरसबंद वाटेने आत आलात की मुख्य देवळाभोवती जी पहिली ओवरी लागते, तिच्या आतल्या भिंतीवर ही सगळी शिल्पं आहेत. सगळी एकाच पातळीवर. चढायला सुरुवातीच्या काही पायऱ्या तेवढ्या, बाकी कोपऱ्यांवर आणि मधल्या दारांशी उंच उंबरे. म्हणजे आई एकही उभा जिना न चढता सगळं बघू शकतात. लोक थेट मधल्या कळसाकडे धाव घेतात आणि ही ओवरी पळत-पळत बघतात, याचं फार वाईट वाटतं. अंगकोर वाटचा खरा ठेवा इथे आहे.

आता दिशा. ही ओवरी आपल्या नेहमीच्या प्रदक्षिणेच्या उलट, म्हणजे देऊळ डाव्या हाताला ठेवून बघायची. प्रसंगांचा क्रमच तसा लावलेला आहे. पश्चिमेकडे तोंड आणि ही उलटी दिशा, यावरून हे देऊळ राजाच्या मृत्यूनंतरच्या विधींशी जोडलेलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. राजाचं मरणोत्तर नाव परमविष्णुलोक असं होतं, आणि ते या भिंतीवरच्या लेखातही आहे.

पश्चिमेच्या मधल्या दारातून ओवरीत शिरल्यावर आधी डावीकडे वळा. ही लंकेची लढाई. साधारण मध्यावर हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण सोडणारा राम दिसेल, मागे लक्ष्मण आणि बिभीषण. समोर रथात दहा तोंडांचा, वीस हातांचा रावण. बाकी सगळी भिंत म्हणजे वानर आणि राक्षस यांची झोंबाझोंबी. मुलीला वानर काय काय चावतायत ते शोधायला सांगा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

मग मधल्या दाराशी परत या आणि पुढे उजवीकडे जा. हे कुरुक्षेत्र. चालताना आधी कौरवांचं सैन्य लागतं, समोरून म्हणजे भिंतीच्या उजव्या टोकाकडून पांडव येतात. खालच्या पट्ट्यात पायदळ शिस्तीत चाललेलं, मध्याकडे जसजसे याल तसतशी गर्दी, प्रेतं, उधळलेले घोडे. सुरुवातीलाच वरच्या भागात शरपंजरी भीष्म आहेत. पुढे डोक्यावर गाठ बांधलेले द्रोण, चाक रुतलेला कर्ण. अर्जुनाचा रथ ओळखायची खूण म्हणजे सारथी चार हातांचा आहे. हा पट्टा मधेमधे काळा चकचकीत दिसतो तो शेकडो वर्षांच्या हातांच्या स्पर्शाने. आता दोरी आहे, हात लावू नका.

नैऋत्य कोपऱ्याची खोली बहुतेक गाइड गाळतात. तुम्ही गाळू नका. आत अंधार असतो, छोटा टॉर्च लागतो. तिथे गोवर्धन उचललेला कृष्ण आहे, कैलास हलवणारा रावण आहे, आणि एका दारावर वालीचा मृत्यू. छातीत बाण रुतलेला वाली बायकोच्या, तारेच्या मांडीवर पडला आहे आणि बाजूच्या चौकटींमध्ये ओळीने वानर बसलेत. एक कपाळाला हात लावून, एक शेजाऱ्याकडे बघत, प्रत्येकाचं दुःख वेगळं कोरलंय. या सगळ्या देवळातलं हे सर्वांत हळवं शिल्प आहे आणि ते उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर आहे, म्हणून मान वर करा.

दक्षिणेची बाजू दोन भागांत. पहिल्यात खुद्द सूर्यवर्मन, त्याचं दरबारी रूप आणि सैन्याची मिरवणूक. त्याच्यावर १५ छत्र्या आहेत, मोजा. दुसऱ्यात स्वर्ग आणि नरक: ३७ स्वर्ग, ३२ नरक. अठरा हातांचा यम रेड्यावर बसलेला, त्याच्या पुढे निवाडा सांगणारे धर्म आणि चित्रगुप्त. तिथून दोषी लोक एका झडपेतून खालच्या पट्ट्यात ढकलले जातात. नरकांची नावं शिल्पाशेजारी जुन्या ख्मेर लिपीत कोरलेली आहेत: अवीची, वैतरणी, रौरव. नावं ऐकून बाबा थबकतील. खालचा पट्टा फार हिंसक आहे, मुलीला कितपत दाखवायचं ते तुम्ही ठरवा.

पुढे वळून पूर्वेची बाजू आणि तिथे समुद्रमंथन, सुमारे ४९ मीटर लांब. डावीकडून ९२ असुर, उजवीकडे ८८ देव. वासुकीची तोंडं असुरांकडे, शेपूट देवांकडे, आणि शेपटीच्या टोकाला हनुमान. मधे मंदार पर्वत कूर्माच्या पाठीवर, त्याच्यापुढे विष्णू. इथे खाली वाकून बघा: पर्वताजवळच्या पाण्यात मासे आणि मगरी घुसळणीच्या ओढीने दुभंगल्यात, आणि जसजसं मध्यापासून लांब जाल तसतसे त्या अखंड पोहताना दिसतात. वर अप्सरा उडतायत. मध्याजवळचा काही भाग अर्धवट कोरलेला राहिलाय, तिथे कारागिरांची पहिली रेघ दिसते.

इथपर्यंत दोन तास होतात, आणि आईंसाठी इथेच थांबणं बरं. त्यापुढचा पूर्व-उत्तरेचा भाग सोळाव्या शतकातला आहे. तिथे कृष्ण-बाणासुर युद्ध आहे (उषा-अनिरुद्धाची गोष्ट), गरुड आगीची भिंत विझवतो तो प्रसंग छान आहे, पण कोरीवकाम आधीच्या मानाने उथळ. थकला असाल तर खुशाल सोडा.

पहाटवारा

थोडं वेगळं मत मांडतो.

सूर्योदयाबद्दल आधी. अंगकोर वाट पहाटे ५ ला उघडतं आणि शेकडो लोक डावीकडच्या म्हणजे उत्तरेच्या तळ्याकाठी प्रतिबिंबासाठी उभे राहतात. देऊळ जवळजवळ बरोबर पूर्व-पश्चिम आखलेलं आहे, म्हणून सूर्य मधल्या कळसामागून उगवतो तो फक्त विषुवदिनांच्या आसपास, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या मागेपुढे. डिसेंबरमध्ये तो बराच उजवीकडे उगवतो. तेव्हा तुमच्या तारखांना त्या प्रसिद्ध फोटोसारखं दृश्य मिळणार नाही, आणि त्यासाठी आई-बाबांना चारला उठवणं योग्य नाही. सोडून द्या.

पण अंगकोर वाट दुपारीच, हे मला सरसकट पटत नाही. पश्चिमेच्या ओवरीत दुपारी ऊन थेट आत येतं. खांबांच्या सावल्यांचे पट्टे शिल्पांवर पडतात, फोटो बिघडतात आणि दगड तापलेला असतो. सकाळी साडेसात-आठला सूर्योदयाची गर्दी नाश्त्याला निघून जाते, आणि साडेनऊपर्यंत पश्चिमेची ओवरी सावलीत आणि रिकामी असते. मार्च ते मे दरम्यान ज्येष्ठ लोक बरोबर असतील तर मी डोळे झाकून सकाळी अंगकोर वाट आणि दुपारी उशिरा बायोन असंच सांगेन. डिसेंबरात दुपारी साधारण तीस अंश असतं, तेव्हा लेणीवेडा यांचा क्रम चालेल. फक्त तीनऐवजी सव्वातीनला आत जा आणि लंकेची भिंत शक्य तितकी लवकर संपवा. मंथनाच्या भिंतीवर दुपारी सावली असते, तिथे उजेड सारखा मिळतो.

फ्नोम बाखेंगच्या टेकडीवर सूर्यास्ताला जा असं टुकटुकवाला नक्की सुचवेल. वर एका वेळी ३०० जणांनाच सोडतात, चारपासून रांग लागते, आणि शेवटचे जिने उभे आहेत. तुमच्यासाठी नाही. त्यापेक्षा अंगकोर वाटच्या खंदकाच्या काठावर बसा.

निवांत_प्रवासी

मनापासून आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. सूर्योदय रद्द!

आणखी तीन शंका. मला आणि बाबांना मधल्या कळसापर्यंत वर जायचं आहे, ते जमेल का? तिकीट कुठून घ्यावं? आणि आम्ही शाकाहारी आहोत (अंडं चालतं), तिथे जेवणाचं कसं?

डबा_आणि_डॉलर

वर जाण्याबद्दल: सगळ्यांत वरच्या भागाला बाकान म्हणतात. मूळचे दगडी जिने जवळपास सत्तर अंशांत उभे आहेत, ते बंद आहेत. पर्यटकांसाठी कठडा असलेला लाकडी जिना बसवला आहे, तोही चांगलाच चढाचा. एका वेळी ठरावीक लोक सोडतात, म्हणून रांग असते. १२ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, म्हणजे मुलगी आणि आजी खाली बसतील. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वरून ओढणी किंवा स्टोल गुंडाळलेला बऱ्याचदा चालत नाही, म्हणून बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँटच घाला. टोपी काढायला लावतात. बौद्ध पवित्र दिवशी, म्हणजे पौर्णिमा, अमावास्या आणि दोन अष्टम्यांना, बाकान बंद असतो. आपलं कॅलेंडर उघडून तारीख आत्ताच ताडून बघा, तिथी एखाद्या दिवसाने पुढेमागे होऊ शकते म्हणून हॉटेललाही विचारा. उतरताना तोंड जिन्याकडे करून उतरा. वरचा प्रवेश पाचच्या आधी थांबतो, म्हणून बाकान करायचा असेल तर लंकेची भिंत झाल्यावर लगेच जा आणि बाकीची शिल्पं नंतर.

तिकीट: एका दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. फक्त सरकारी अंगकोर एंटरप्राइजकडून, त्यांच्या संकेतस्थळावर किंवा शहराबाहेरच्या तिकीट केंद्रावर. हॉटेल किंवा ड्रायव्हर विकत असेल तर घेऊ नका, तिकिटावर तुमचा फोटो असतो आणि ते दुसऱ्याच्या नावावर चालत नाही. ऑनलाइन घेतलंत तर पहाटेची रांग वाचते. १२ वर्षांखाली मोफत, पण मुलीचा मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, वय दाखवायला लागतं. तिकीट प्रत्येक देवळाच्या दाराशी तपासतात. मोबाइलवर ठेवलं असेल तर स्क्रीनशॉटही काढून ठेवा आणि चार्जिंग सांभाळा. तिकीट दाखवल्यावर देवळांजवळची स्वच्छतागृहं मोफत वापरता येतात. आईंसाठी हे महत्त्वाचं, कारण ओवरीच्या आत सोय नाही. आत शिरण्याआधीच जाऊन या.

पैसे: डॉलर सगळीकडे चालतात, सुटे रिएलमध्ये परत मिळतात (१ डॉलरला साधारण ४,००० रिएल). कडेला जरासा फाटलेला किंवा पेनाची खूण असलेला डॉलर कोणी घेत नाही. भारतातून निघतानाच प्रत्येक नोट उजेडात धरून तपासा आणि १, ५, १० च्या नोटा भरपूर मागून घ्या. टुकटुक दिवसभरासाठी या मार्गाला साधारण १५ ते २० डॉलर. दुपारी हॉटेलवर परत येणार हे आधी सांगा, नाहीतर शेवटी जादा मागतात आणि त्यात त्याची चूक नसते. चौघं एका टुकटुकमध्ये बसतात, पण धूळ असते. बाबांना दम्याचा त्रास वगैरे असेल तर एसी गाडी घ्या.

ओवरीत काही जण हातात उदबत्ती देतात आणि मग दान मागतात. नको असेल तर हात जोडून पुढे जा. पोस्टकार्ड विकणाऱ्या लहान मुलांकडून काही घेऊ नका, ती विक्री चालू राहिली की शाळा सुटते. माकडं अंगकोर वाटच्या झाडीत असतात, हातात केळं किंवा पिशवी उघडी ठेवू नका.

जेवण: खरी अडचण मांसाची नाही, फिश सॉसची आहे. भाज्या, भात, सूप, सगळ्यात तो घालतात आणि त्यांच्या लेखी तो मांसाहार नाही. शिवाय प्राहोक ही आंबवलेल्या माशांची चटणी. नुसतं ‘मीट नको’ म्हटल्याने काम होत नाही. ‘न्याम बुओह’ म्हणजे शाकाहारी खातो, आणि ‘अत दाक तक त्रेय’ म्हणजे फिश सॉस घालू नका. दोन्ही वाक्यं हॉटेलवाल्याकडून ख्मेर लिपीत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात दाखवा. सकाळच्या फेरीसाठी दशम्या किंवा खाकरे आणि केळी बरोबर ठेवा, दुपारचं शहरात खा, तिथे भारतीय खानावळी आहेत. देवळांबाहेर शहाळी मिळतात. पाणी प्रत्येकी दीड-दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस घाला. दगडी ओवरीत घाम जाणवत नाही आणि तिसऱ्या तासाला एकदम गळून जायला होतं, तेव्हा तहानेची वाट न बघता पाणी पीत राहा.

लेणीवेडा

पहाटवारा यांचं सावल्यांच्या पट्ट्यांबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, सव्वातीनच ठेवा.

दोन पुरवण्या. एक, अंगकोर वाटलाही ता प्रोमचीच युक्ती वापरा. पश्चिमेने आत या आणि मंथनाची भिंत झाली की पूर्वेच्या दाराने बाहेर पडा. झाडीतून मातीची वाट आहे, खंदकापलीकडे गाडी येते. चालणं अर्धा-पाऊण किलोमीटर, पण सावलीचं आणि अजिबात गर्दी नसलेलं. सव्वापाचच्या आत निघा, डिसेंबरात पावणेसहापर्यंत झाडीत अंधारून येतं. खंदकाच्या काठावर बसायचं असेल तर पूर्वेचा काठही तितकाच छान आहे.

दुसरं, बाबांना ता प्रोममध्ये हे सांगा: सातव्या जयवर्मनने ते ११८६ मध्ये बांधलं आणि तिथल्या संस्कृत शिलालेखात राज्यभरातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. मुळांनी धरलेल्या भिंती आज उभ्या आहेत त्यामागे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं कामही आहे. अंगकोर वाटची दुरुस्ती या विभागाने १९८६ ते १९९३ मध्ये केली होती, ता प्रोमचं काम त्यानंतरचं. झाड कापलं तर भिंत कोसळते आणि वाढू दिलं तर दगड फाकतात, म्हणून तिथे झाडांनाच आधार देऊन ठेवलंय. लोखंडी टेकू दिसतील ते त्यासाठी.